दात आंबणे व दाताला पाणी लागणे : कारणे, ओळख व उपाय

हिवाळ्यात सकाळची शाळा भरल्यावर माठापाशी पाणी पिणाऱ्या मुलांकडे दोन मिनिटे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट नजरेस येते. बहुतेक मुले घटाघटा पाणी पितात. एखादे मूल मात्र पेला ओठाशी नेऊन थबकते, मान थोडी तिरपी करते आणि घोट एका गालाकडून हळूच खाली सोडते. दुपारच्या पंगतीत तेच मूल एकाच बाजूने चावताना दिसते. काय होते म्हणून विचारले, तर ‘काही नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते. रडू येते तेच दुखणे, अशी मुलांची समजूत असते; रोज क्षणभर येऊन जाणारी कळ हा पाणी पिण्याचाच एक भाग आहे असे त्यांना वाटू लागलेले असते. घरी भल्या पहाटेपासून कामाची घाई असल्याने आईवडिलांच्या ध्यानात ही गोष्ट येतेच असे नाही. म्हणून ती प्रथम हेरण्याची संधी शिक्षकाला मिळते.

शब्दांवरून ओळख

दातांच्या वेदनेला मराठी बोलीने निरनिराळे शब्द दिले आहेत आणि ते उगाच दिलेले नाहीत. चिंच, कैरी अगर आवळा खाल्ल्यावर दात ‘आंबतात’. हा त्रास बहुधा सगळ्याच दातांना एकदम होतो. दातावर दात टेकवणे नकोसे होते आणि काही वेळाने तो आपोआप ओसरतो. दाताला ‘पाणी लागते’ किंवा ‘गार लागते’ असे म्हणतात तेव्हा त्रास एखाद्या ठरावीक दाताला अगर शेजारच्या दोन-चार दातांना होतो. थंड पाणी, वारा किंवा गोड पदार्थ लागताच सुई टोचावी तशी कळ येते, आणि घोट गिळताच ती नाहीशी होते. दात ‘ठणकतो’ तो मात्र कशाचे निमित्त न होता; नाडीच्या ठोक्याबरोबर वेदना उसळते आणि रात्री आडवे झाले की वाढते. हिरडी ‘ठसठसते’ तेव्हा आत पू धरलेला असण्याचा संभव असतो.

या लेखाचा विषय पहिल्या दोन शब्दांपुरता आहे. ठणकणे आणि ठसठसणे हे निराळे व अधिक गंभीर आजार असून त्यांवर घरगुती उपाय करीत बसणे म्हणजे दात गमावणे होय. म्हणून ‘दात दुखतो का?’ असा एकच सरसकट प्रश्न मुलाला विचारू नये. कशाने दुखते, किती वेळ राहते, रात्री जाग येते का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि मुलाने वापरलेला शब्द जसाच्या तसा टिपून ठेवावा. त्याच्या आजीने त्याला जो शब्द शिकवलेला असतो, तो निदानाच्या कामी पुष्कळदा उपयोगी पडतो.

दाताची रचना

दात हा दगडासारखा निर्जीव पदार्थ आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते खरोखरच निर्जीव आहे. मानवी शरीरात त्याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिजांचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर ते दोन-अडीच मिलिमीटर जाड असते आणि हिरडीकडे येता येता पातळ होत जाऊन संपते. मोडलेले हाड पुन्हा सांधते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. एनॅमलमध्ये त्या नसल्यामुळे झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. लाळेतील खनिजांमुळे त्याचा मऊ पडलेला पृष्ठभाग काही अंशी पुन्हा कठीण होऊ शकतो, परंतु गेलेला थर परत येत नाही.

एनॅमलच्या खाली दंतिन असते. ते एनॅमलपेक्षा मऊ व पिवळसर असते, आणि त्याच्या गाभ्यातील मगजात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. दंतिन वरवर पाहता सलग वाटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते चाळणीसारखे दिसते. मगजापासून बाहेरच्या बाजूस जाणाऱ्या अत्यंत बारीक नळ्या त्यात दाटीने भरलेल्या असतात. एका नळीची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, आणि एक चौरस मिलिमीटर जागेत अशा सुमारे २०,००० ते ५०,००० नळ्या मावतात. हे मुलांना पटावे म्हणून वेताचा आडवा कापलेला तुकडा दाखवावा. त्याच्या तोंडाशी बारीक छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर वेताच्या छडीला शाळेत दुसरे काम उरलेले नाही, हे काम तिच्याकडून अवश्य घ्यावे.)

या नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. एनॅमल शाबूत असेपर्यंत नळ्यांची तोंडे झाकलेली राहतात. झाकण गेले की बाहेरच्या प्रत्येक बदलाची वार्ता त्या द्रवामार्फत आत पोहोचते. स्वीडनमधील दंतवैज्ञानिक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले की, थंडी, वारा किंवा साखर ही स्वतः मज्जातंतूपर्यंत जात नाहीत. त्यांच्यामुळे नळीतील द्रव एकदम हलतो आणि ती हालचाल आतील मज्जातंतूंना कळ म्हणून जाणवते. थंड लागले की द्रव आकुंचन पावून बाहेरच्या दिशेने खेचला जातो; वाऱ्याने वरचे पाणी सुकते तेव्हाही तेच घडते. गोडाचे कारण गृहिणींना माहीत आहे, फक्त त्या ते दाताशी जोडत नाहीत. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. साखरेचा किंवा गुळाचा पाकही असाच नळ्यांतील पाणी ओढतो. कळ इतकी तीक्ष्ण का येते आणि कारण दूर होताच लगेच का थांबते, या दोहोंचा उलगडा यावरून होतो.

कवच जाते कसे

पहिले कारण आंबट. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आम्ल असते. काळवंडलेले तांब्याचे भांडे चिंचेने लखलखते, तसेच शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला तर तेथे निस्तेज डाग पडतो व तो पुसून जात नाही. फरशीचे जे होते, ते फार मंद गतीने दाताचेही होते. मात्र यावरून चिंच-आवळा वर्ज्य करावा असा उपदेश मुलांना करणे योग्य नव्हे. आमटीतील चिंचेने किंवा जेवणातील लिंबाच्या फोडीने दात झिजत नाहीत, आणि आवळ्याइतके क जीवनसत्त्व देणारे स्वस्त फळ खेड्यात दुसरे कोणते आहे? नुकसान होते ते आंबट दातांशी किती वेळ राहते त्यावर. चिंच, गूळ, मीठ व तिखट कुटून काडीला लावलेला गोळा तास तास चोखणारे मूल आणि एक आवळा खाऊन पाणी पिणारे मूल, यांच्या दातांत अंतर पडते. बाटलीतील रंगीत फसफसणारी पेये आंबटपणात लिंबाच्या जवळपास जातात. साखरेमुळे ती आंबट लागत नाहीत एवढेच. जत्रेत व लग्नसमारंभात ती आता सर्रास मिळतात आणि मुले ती घोट घोट करून पुरवून पितात. दाताच्या दृष्टीने ही पुरवून पिण्याची रीत सर्वांत वाईट.

दुसरे कारण घासण्याची पद्धत. विटकरीची पूड, वाळू, कोळसा, जाडसर राखुंडी यांनी दात पांढरे दिसतात, कारण त्यांचा वरचा थर घासला जातो. गेरू घातलेल्या काही लाल मंजनांचीही तीच गोष्ट. अलीकडे कोळशाचीच पूड आकर्षक नळीत भरून शहरातून खेड्यात येते व महाग विकली जाते. वेष्टनामुळे कोळशाचा गुण बदलत नाही. लिंबाची वा बाभळीची दातवण वाईट नाही. टोक नीट चावून कुंचल्यासारखे मऊ केले आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवले, तर ती चांगले काम देते. करवतीप्रमाणे आडवी ओढली, तर मात्र ती हिरडी मागे रेटते आणि दाताच्या मानेशी खाच पाडते. ब्रशलाही हाच नियम लागू आहे.

हिरडी मागे सरकते तेव्हा दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसतेच. तेथे असलेला पातळ थर थोड्याच दिवसांत झिजतो आणि नळ्यांची तोंडे थेट उघडी होतात. दाताला पाणी लागण्याच्या तक्रारीत प्रौढांमध्ये हे कारण फार आढळते. झोपेत दात खाण्याची सवय व वारंवार होणारी उलटी यांमुळेही कवच जाते. झोपेत दात खाणारे मूल म्हणजे पोटात जंत, असा निष्कर्ष लगेच काढू नये. जंतनाशक गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मिळतेच, ती वेळेवर दिली म्हणजे झाले.

मिश्रीचा प्रश्न

याबाबतीत सर्वांत अधिक हानी करणारी गोष्ट आपल्या भागातील पुष्कळ घरांत चुलीजवळच्या डबीत असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली की मिश्री तयार होते. तिला दात घासण्याचे साधन म्हटले जाते, पण ती तंबाखूच आहे. भाजल्याने तिचा अंमल जात नाही. बोटाने हिरडीवर चोळली की तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून निकोटीन रक्तात जाते.

मिश्रीची सवय बहुधा व्यसन म्हणून लागत नाही, औषध म्हणून लागते, आणि म्हणूनच हा विषय या लेखात घेणे अगत्याचे आहे. पाचवी-सहावीतील एखाद्या मुलीच्या दाढेला पाणी लागते. ती आजीला सांगते. आजी प्रेमाने, आपल्या अनुभवाने, चिमूटभर मिश्री त्या जागी लावायला सांगते. थोडे गरगरते, पण कळ विसरल्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच डबीकडे जाते. काही महिन्यांनी दाढेचे निमित्त उरत नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय डोके हलके होत नाही, मग दुपारी, मग झोपताना. इकडे रोजच्या घर्षणाने आणि तंबाखूने हिरडी मागे सरकू लागते, दातांची मुळे उघडी पडतात आणि ज्या कळेवर औषध म्हणून मिश्री घेतली ती कळ आता चार दातांत येते. तेव्हा ती अधिक वेळा लावली जाते. पुढे हीच मुलगी आई होते. गरोदरपणात तंबाखू चालू राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. दाढेच्या एका लहानशा तक्रारीची वेळीच नीट व्यवस्था लागली असती, तर ही सारी साखळी सुरूच झाली नसती.

तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व टूथपेस्टवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास, तसेच शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई आहे. परंतु घरी भाजलेल्या मिश्रीच्या डबीपर्यंत कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. तेथे शिक्षिकेचा शब्द पोहोचतो. मातापालक सभेत हा विषय काढताना मिश्री लावणाऱ्या बायांना उभे करून लाजवू नये. त्यांतील पुष्कळजणींना ती लहानपणी औषध म्हणूनच मिळालेली असते. ‘मुलीच्या दाढेला मिश्री लावू नका, दाढ दाखवायला आणा,’ एवढेच एक सांगणे पुन्हापुन्हा सांगावे. ज्यांना स्वतःची सवय सोडावयाची असेल, त्यांना राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११२-३५६ हा विनामूल्य क्रमांक द्यावा. आणि ज्या शिक्षकाच्या खिशात चुन्याची डबी आहे, त्याने हा भाग स्वतः न शिकवता सहकाऱ्याकडे सोपवावा. मुलांची नजर फळ्यापेक्षा खिशाकडे अधिक जाते.

सहाव्या वर्षाची दाढ

दुधाचे दात वीस असतात आणि ते पडतात, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, सहाव्या-सातव्या वर्षी, म्हणजे मूल पहिली-दुसरीत असताना, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तिचे येणे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. ती कायमची असते. ती किडली, तरी ‘दुधाची आहे, पडेल’ असे म्हणून सोडून दिली जाते आणि मुलाला जन्मभराची दाढ दहाव्या वर्षी काढून घ्यावी लागते. खेड्यातील मुलांच्या दातांविषयी शिक्षकाने एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची ठरवली, तर ती ही ठेवावी.

काही मुलांत ही दाढ, आणि कधी तिच्याबरोबर येणारे पुढचे दात, उगवतानाच कच्च्या एनॅमलचे असतात. दाढेवर खडूसारखे पांढरट, पिवळट किंवा तपकिरी डाग दिसतात आणि त्या जागी एनॅमल चावता चावता कपच्या उडून जाते. जगभरातील पाहण्यांची सरासरी घेतली, तर सुमारे सात-आठ मुलांत एकाच्या वाट्याला कमीअधिक प्रमाणात असे दात येतात. कारण पूर्णपणे निश्चित झालेले नाही. दाढ हाडात तयार होत असतानाच्या काळातील, म्हणजे आयुष्याच्या पहिल्या तीनएक वर्षांतील आजारपणाशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते. त्यात मुलाचा वा आईचा काही दोष नसतो. अशा दाढेला गार पाणी फार लागते, ब्रशही लागतो. मूल मग तेवढी जागा सोडून दात घासते. घासले नाही म्हणून ती जागा किडते, आणि मोठी माणसे त्याला ‘दात घासत नाही’ म्हणून रागे भरतात. असे मूल आळशी नसते. ते दुखणे टाळीत असते. त्याला कोमट पाण्याने व मऊ ब्रशने दात घासू द्यावेत आणि शक्य तितक्या लवकर दंतवैद्याकडे पाठवावे. दाढेवर फ्लोराइडचा लेप देणे, खाचा बुजवणे, सिमेंट भरणे हे उपाय वेळेवर झाले, तर ती दाढ पुष्कळदा वाचते.

असे डाग आणि पाण्यातील फ्लोराइडमुळे पडणारे डाग यांत गल्लत होऊ नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. तेथे एकाच वयाच्या अनेक मुलांच्या बहुतेक सर्व दातांवर जोडीजोडीने पांढरे पट्टे वा तपकिरी डाग दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. वर्गातील अर्ध्या मुलांचे दात असे दिसले, तर ते दंतवैद्याचे काम नसून पाणी तपासून घेण्याचे काम आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही.

आराम कसा द्यावा

आंबट खाल्ल्यावर लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि त्यानंतर अर्धा तास दात घासू नयेत. हे मुलांना उलटे वाटते. परंतु आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग काही काळ मऊ झालेला असतो. त्याच वेळी ब्रश फिरवला तर मऊ थर निघून जातो. थांबले, तर लाळ आम्लाचा जोर मोडते व खनिज परत देऊ लागते. उलटी झाल्यावरही हेच करावे. गरोदर स्त्रियांना सकाळी वारंवार उलट्या होतात, त्यांना पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरण्यास सांगावे.

रोजची स्वच्छता मऊ ब्रश व फ्लोराइड असलेली पेस्ट यांनी, सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, करावी. ब्रश मुठीत न धरता बोटांच्या टोकांत धरला, तर जोर आपोआप कमी होतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, त्याहून लहानास तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट घेण्याचे कोणालाच कारण नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळांनी सुजलेल्या हिरडीला बरे वाटते, पण त्याने नळ्या बुजत नाहीत.

दातांना गार लागू नये यासाठी बाजारात खास पेस्ट मिळतात. त्यांतील पुष्कळांत पोटॅशियम नायट्रेट असते. हे दारूकामात वापरल्या जाणाऱ्या सोऱ्याचे शुद्ध रूप होय. (म्हणून कोणी सोरा दाताला चोळू नये, पेस्टमध्ये तो मोजून घातलेला असतो.) त्यातील पोटॅशियम मज्जातंतूंची संवेदना मंद करते. इतर काही पेस्ट नळ्यांची तोंडे बुजवतात. गुण येण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवस वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणाऱ्यांचे पैसे वाया जातात. बारा वर्षांखालील मुलांना ही पेस्ट दंतवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नये. मोठ्या माणसालाही चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर पेस्ट बदलत न बसता दात दाखवावा.

चुना, तंबाखूची गोळी, ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणे, हे उपाय नव्हेत. चुन्याने व ॲस्पिरिनने हिरडी भाजते. लवंगेचे तेल काही वेळ बधिरता आणते, पण निव्वळ तेल हिरडीला व जिभेला पोळते, आणि लहान मुलाच्या हाती त्याची बाटली देणे धोक्याचे आहे.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. दंतवैद्याने दातांवरील पिवळा दगडी थर खरवडून काढला की काही दिवस दातांना गार लागते, फटी वाटतात. त्यावरून ‘दात ढिले केले’ असे लोक म्हणतात. वस्तुतः थराने झाकलेले मूळ मोकळे झालेले असते, आणि हा त्रास काही दिवसांत कमी होतो. दात ढिला होतो तो थर तसाच राहू दिल्याने. वरचा दात काढला की डोळा जातो, ही दुसरी समजूत. ती निराधार आहे, पण तिच्यापायी माणसे पू धरलेला दात घेऊन महिनोन्‌महिने बसतात.

वर्गातील प्रयोग

चौथी ते सातवीच्या वर्गात एक तास पुरतो. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाचे दोन तुकडे घ्यावेत. एक साध्या पाण्यात, दुसरा लिंबाच्या रसात ठेवावा. लिंबाच्या रसातील कवचावर लगेच बुडबुडे दिसू लागतात आणि दुसऱ्या दिवशी ते मऊ पडलेले असते. बोटाने चोळले तर थर निघतो. ‘आंबट खाल्ल्यावर लगेच दात का घासू नयेत?’ या प्रश्नाचे उत्तर मुले त्या चोळण्यावरून स्वतःच देतात. कवचाऐवजी शाळेतला खडू वापरू नये. तो बहुधा जिप्समचा असतो, त्याला बुडबुडे येत नाहीत आणि शिक्षकाची पंचाईत होते. अंड्याचे कवच दाताच्या मानाने फार लवकर विरघळते, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. नाहीतर एखादे भित्रे मूल घरी जाऊन जेवणातील लिंबूही सोडते.

दुपारच्या आहारानंतर हात धुण्याच्या रांगेतच चूळ भरण्याची सवय लावली, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दंतवैद्याकडे कोणाला पाठवावे

कळ गार लागताच येऊन लगेच जात असेल, दाढेवर भोक वा डाग दिसत नसेल, तर वर सांगितलेली काळजी घेऊन चार आठवडे पाहण्यास हरकत नाही. परंतु कळ कारण दूर झाल्यावरही रेंगाळत असेल, गरम चहाने ती वाढून थंड पाण्याने बरी वाटत असेल, रात्री जाग येत असेल, दाढेत काळे भोक असेल, चावताना एकच दात दुखत असेल, तर वाट पाहू नये. गालावर सूज, ताप, तोंड उघडण्यास अडचण यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. दाताचा पू मानेकडे व घशाकडे उतरू शकतो. तंबाखू वा मिश्री घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर दातांचे राहू देऊन ती आधी दाखवावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील तपासणी पथके शाळेत येतात आणि दातांची तपासणी त्यांच्या कामात समाविष्ट आहे. पथकाला एका दिवसात पुष्कळ मुले पाहावयाची असतात, म्हणून शिक्षकाने आधी हेरून ठेवलेली नावे फार उपयोगी पडतात. पालकाबरोबर मुलाला दवाखान्यात पाठवताना चार ओळींची चिठ्ठी द्यावी. ‘कु. ––, वय ९. डावीकडील खालची मागची दाढ. गार पाणी लागते, “सणक भरते” असे म्हणते. दोन महिन्यांपासून. रात्री जाग येत नाही. उजवीकडूनच चावते. घरी मिश्री लावली आहे / नाही.’ इतके पुरे. शेवटचा रकाना पालकांसमोर मोठ्याने विचारून भरू नये. मुलीला बाजूला घेऊन विचारावे. चिठ्ठीची एक प्रत वर्गशिक्षकाने आपल्याजवळ ठेवावी आणि महिन्याने ते मूल माठापाशी पाणी कसे पिते, ते पुन्हा पाहावे.